पितळेची मर्जी

पितळेला काय रुचतं आणि काय अजिबात खपत नाही, हे छातीठोकपणे सांगू शकणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला. चंद्रपूरच्या पठाणपुरा गेटच्या आत, एक सायकलवाला आणि एक रजईवाला यांच्या मधल्या फटीत, दोन खाटा जेमतेम मावतील एवढ्या दुकानात हे गृहस्थ बसायचे. सगळा मोहल्ला त्यांना चाचा म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांच्या बायकोला, म्हणजे चाचींना, मात्र या ज्ञानाचं मुळीच कौतुक नव्हतं. त्या म्हणायच्या, "चाळीस साल झाले, मले काय आवडते थे या मानसाले अजून ठाव नाई. पितळेचं विचारा, लगेच सांगन." हे ऐकू आलं की चाचा हातातली कानस न थांबवता उत्तर द्यायचे, "पितळ रुसलं तं बोलत नाई. तू बोलते. बोलनाऱ्याची काय काळजी करायची?"

चाचा बंदुकांचे मिस्त्री होते. सरकारी परवाना चौकटीत घालून भिंतीवर टांगलेला होता आणि रोज सकाळी दुकान उघडल्यावर ते आधी त्याची काच पुसायचे. आमच्या झाडीपट्टीत तेव्हा धानाच्या राखणीसाठी बऱ्याच शेतकऱ्यांकडे परवान्याची एकनळी बंदूक असे. डुकरं मारायला नव्हे, हाकलायला. आकाशाकडे एक बार काढला की कळप जंगलात पळायचा. काडतुसं पितळेची. बार झाला की रिकामी पुंगळी हातात उरते, ती फेकायची नाही, पुन्हा भरून घ्यायची. पण बार उडताना पुंगळी फुगते आणि फुगलेली पुंगळी बंदुकीत परत शिरत नाही. तिला पोलादी साच्यातून दाबून पुन्हा मापावर आणावी लागते आणि साच्यात घालण्याआधी तिच्या अंगाला काहीतरी निसरडं लावावं लागतं. कमी लावलं तर पुंगळी साच्यात अडकून बसते. जास्त लावलं तर राहिलेलं तेल बुडाशी बसवलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीपर्यंत पोचतं आणि ऐन वेळी बार फुसका निघतो. काय लावायचं आणि किती, एवढाच काय तो प्रश्न, पण त्यावर चाचांनी आपल्या उमेदीची तीस वर्षं घालवली होती. दारू आणि छर्रे भरण्याचं पुढचं काम ते आतून कडी लावून एकटे उरकायचे आणि त्याबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. बोलायचे ते फक्त तेलाबद्दल, आणि त्याबद्दल मात्र त्यांना आवरणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मला चंद्रपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची तात्पुरती नोकरी लागली. सिंदेवाहीजवळच्या आमच्या खेड्यातल्या बौद्ध मोहल्ल्यातून एम.एस्सी. झालेली मी पहिलीच मुलगी. बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी लगोलग माझ्यावर एक मोठी जबाबदारी टाकली: चंद्रपुराहून काडतुसं भरून आणायची. बंदुकीच्या परवान्यावर बाबांच्या नावाखाली माझं नाव होतं, कारण मोठ्या भावाला बाराचा आवाज सोसायचा नाही. दिवाळीत फटाके वाजले तरी तो कोठ्यात जाऊन बैलाच्या गळ्यात हात टाकून उभा राहायचा. तर मी सहा पुंगळ्या फडक्यात बांधून चाचांच्या दुकानात गेले. त्यांनी विचारलं, काय करता? मी म्हटलं, केमिस्ट्री शिकवते. "म्हंजे तेलाचंही शिकवता?" मी म्हटलं, हो, तेलाचंही येतं त्यात. तिथेच मी फसले. चाचांनी मला स्टुलावर बसवलं, चाचींना हाक मारली आणि फळीवरून एकेक करत अकरा बाटल्या खाली उतरवल्या.

त्या दिवसापासून मी त्यांची "मॅडमबाई" झाले. त्यांचं म्हणणं असं, की बाटलीवरचं लेबल खोटं बोलू शकतं, डोळे फसू शकतात, पण अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यामध्ये आलेली वस्तू खोटं बोलू शकत नाही. त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट ते या दोन बोटांत धरून चोळून पाहायचे. हॉटेलातली भजी, शाळेच्या पोरींच्या वेण्या, एसटीच्या चाकातून गळणारं काळं ग्रीस, सगळं. एकदा एक गिऱ्हाईक बंदूक दाखवायला वाकलं, तर चाचांनी त्याच्या डोक्यावरून हलकेच बोट फिरवलं, ते पुंगळीला लावलं, साच्यात घातली आणि खूश होऊन विचारलं, "भाऊ, डोक्याले काय लावता?" गिऱ्हाईक गांगरून म्हणालं, काही नाही, चार दिवस आंघोळ झाली नाही. मुलीसाठी स्थळ पाहायला गेले तेव्हा सगळे मुलाकडे पाहत होते आणि चाचा दाराच्या बिजागरीकडे. बाहेर आल्यावर म्हणाले, नाही जमायचं. चाची कपाळाला हात लावून म्हणाल्या, पोरगा नोकरीवाला आहे, काऊन नाई? चाचा म्हणाले, "दरवाजा इतका कुरकुरते, अन् घरात कोनाले ऐकू येत नाई. उद्या आपली पोरगी कुरकुरली तं कोन ऐकन?" पुढच्या स्थळाची बिजागरी मुकी निघाली आणि तिथं लग्न झालं. मुलगी आजही सुखात आहे, हे मला कबूल करावंच लागतं.

तेलांची तर त्यांनी माणसांसारखी पारख करून ठेवली होती. जवसाचं तेल दगाबाज: लावताना गोड, दोन दिवसांत वाळून त्याचा गोंद होतो. करंजाचं प्रामाणिक, पण वास असा की गिऱ्हाईक उंबऱ्याबाहेरूनच बोलायचं. खोबरेल हिवाळ्यात गोठायचं, आणि टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल त्याच्याही आधी. ट्रकचं ग्रीस त्यांना असभ्य वाटायचं. एरंडी सगळ्यांत गुणी, पण एकदा लागली की निघायची नाही. पुसा, राखेनं घासा, ती आपली आहे तिथेच. "एरंडी म्हंजे साळा. कामाचा आहे, पन आला तं जात नाई." चाचींचा भाऊ त्या आठवड्यात मुक्कामाला होता, त्यामुळे हे वाक्य बरंच महागात पडलं. दोन दिवस घरात बिनतेलाची भाजी झाली. चाची म्हणाल्या, तेल दुकानात आहे, भाजी तिथंच फोडणीला टाका.

बोटांइतकाच त्यांचा भरवसा कानावर होता. पुंगळी साच्यातून जाताना जो बारीक आवाज येतो, त्यावरून ते सांगायचे की ती खुशीनं चालली आहे की कण्हते आहे. मला सुरुवातीला दोन्ही आवाज सारखेच वाटायचे. मग महिन्याभरात कधीतरी मला फरक ऐकू आला आणि तो दिवस मला एम.एस्सी.च्या निकालापेक्षा मोठा वाटला. चाचांनी रजईवाल्याला हाक मारून सांगितलं, "मॅडमबाईले ऐकू आलं!" त्यानं काही न समजता टाळ्या वाजवल्या.

पण एका कार्तिकात बाबांचा बार फुसका गेला. दिवस मावळताना डुकरं बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, शिरली, बाबांनी आकाशाकडे बंदूक करून घोडा ओढला, आणि नुसतं टक् झालं. डुकरांनी माना वर करून बाबांकडे पाहिलं आणि पुन्हा जेवायला सुरुवात केली. बाबांना धान गेल्यापेक्षा त्या पाहण्याचं दुःख जास्त झालं. ही हकीकत मी चाचांना हसत हसत सांगितली, पण ते हसले नाहीत. एरंडी टोपीपर्यंत पोचली होती, हे त्यांना लगेच कळलं. "माह्या काडतुसानं तुमच्या बाबाची जंगली जनावरासमोर बेइज्जती केली," म्हणाले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत. तेव्हापासून त्यांना एकच ध्यास लागला: घसरेल एरंडीसारखं, पण थर इतका पातळ की काम झाल्यावर फडक्यानं एका हातात पुसून जाईल.

ते त्यांना सापडलं आठवडी बाजारात. मेंढ्या पाळून घोंगड्या विणणाऱ्या कुरमारांपैकी एक म्हातारी कच्ची लोकर घेऊन बसली होती. तिच्या कात्रीला ना गंज, ना कुरकुर, आणि तेल तर तिनं कधी घातलंच नव्हतं. चाचांनी लोकरीचा एक पुंजका उचलला, दोन बोटांत धरला आणि डोळे मिटून उभे राहिले. म्हातारीला वाटलं, मानसाले भोवळ आली. तिनं पाणी पुढं केलं. दुसऱ्या दिवशी ते पहिल्यांदाच आमच्या कॉलेजात आले. चपला हातात घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभे. "मॅडमबाई, मेंढीच्या अंगाले हे काय राह्यते?" मी म्हटलं, लॅनोलिन, लोकरीतली चरबी असावी. "मेंढीचं लोनी म्हना ना मंग," ते म्हणाले. आम्ही लोकर उकळून वर आलेली पिवळट चरबी गोळा केली. घसरत होती सुरेख, पण फार घट्ट; बोटानं लावली की थर जाडच बसायचा. तेव्हा मला सुचलं, की ती स्पिरिटमध्ये विरघळवावी. स्पिरिट उडून जाईल आणि मागे कागदाहून पातळ थर राहील. मी बाटली तयार केली, लेबल लावलं, आणि चाचांनी ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली. मला शिकवलेलं मी पोरींना शिकवत होते. पण माझ्या स्वतःच्या डोक्यातून निघालेली आणि कुणाच्या तरी खरोखर उपयोगाची अशी ती पहिलीच गोष्ट होती.

पुढच्या वर्षीची दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. धान लोंब्यांनी वाकलं होतं, गावोगावी डुकरं उतरत होती आणि चाचांच्या भिंतीला वीसेक गावांच्या पुंगळ्यांची गाठोडी टांगलेली होती. बाबांच्या पुंगळ्या आधी करून मला दोनच्या सिंदेवाही गाडीनं निघायचं होतं. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं बसली होती. चाचांनी पहिल्या पुंगळीला आमचं औषध चोळलं आणि बोट तिच्यावर ठेवून थांबले. "अजून गार लागून राह्यलं," म्हणाले. मी घड्याळाकडे पाहिलं. पावणेदोन झाले होते. मी म्हटलं, "काही होत नाही चाचा, थर पातळच हवा आहे. ओढा." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पुंगळी साच्यात ठेवली आणि दांडा ओढला.

आवाज आलाच नाही. पुंगळी अर्ध्यात रुतून बसली होती. गार लागत होतं याचा अर्थ स्पिरिट अजून उडालं नव्हतं, आणि ते उडाल्याशिवाय मागे लोण्याचा थर उरतच नाही. दुसऱ्या वर्षाच्या पोरींना हे मी फळ्यावर लिहून दिलं असतं. चाचांनी वरून गज घालून दोन ठोके दिले तर पुंगळीचं बूड फाटून खाली पडलं आणि नळी तशीच साच्यात राहिली. तो साचा त्यांच्या उस्तादांनी हातानं घडवलेला होता. तसा दुसरा त्यांच्याकडे नव्हता, आणि बाजारात मिळण्यातला नव्हता. तो गेला तर त्या भिंतीवरच्या सगळ्या गाठोड्यांचं धान डुकरांच्या पोटात, आणि चाचांचं दुकान कायमचं बंद. नागभीडकडचा एक शेतकरी उठून ओरडला, "काय केलं, मिस्त्री? आता आमी काय कराव?" चाचा म्हणाले, "घाई केली, भाऊ. माहा हात चुकला."

मी गप्प राहिले. हे मला लिहायलाच पाहिजे. तेवढ्यात माणसं पाय आपटत निघून गेली. मग मी विचारलं, असं का सांगितलंत? चाचा करवतीच्या पात्याचा तुकडा फडक्यात गुंडाळत होते. म्हणाले, "मले शिव्या द्यायची त्याईले सवय आहे. तुमाले द्यायच्या म्हनलं तं त्याईले नवीन शिकाव लागन."

ते दुपारभर आणि दुसरा अख्खा दिवस त्या साच्यावर वाकून बसले. नळीच्या आतून करवतीनं पितळेत एक सरळ चीर पाडायची, पण त्यामागच्या पोलादाला ओरखडाही उठू द्यायचा नाही. आत दिसत काहीच नव्हतं. चार-पाच घासे मारायचे, थांबायचे, कान लावायचे. पितळेचा आवाज मऊ, पोलादाचा टणक; त्या दोहोंच्या मधे केसाएवढं अंतर. मी तासिका संपवून यायची आणि समोरच्या स्टुलावर बसायची. चाची रागावल्या नाहीत, हे मला जास्त लागलं. त्यांनी फक्त शेजारच्या सायकलवाल्याला घंट्या वाजवू नको म्हणून सांगितलं, आणि त्यानंही दोन दिवस वाजवल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळच्या गाडीनं बाबा स्वतः आले. दोन रात्री त्यांनी टिनाचे डबे बडवून काढल्या होत्या, तरी दोन बांध्यांतलं धान आडवं झालं होतं. दुकानात पुन्हा पाचसहा माणसं जमलेली. चाचा हात जोडून म्हणाले, माझी चूक झाली, भाऊ. बाबा कधी कुणाला टाकून बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलले: "इतक्या वर्साचा हात तुमचा, मिस्त्री. असा कसा चुकला? मानूस भरोसा तरी कोनावर करन?" चाचांनी मान खाली घातली. ती खाली गेलेली मान मला पाहवली नाही. मी म्हटलं, "बाबा, हात त्यांचा नाही चुकला. ते थांबले होते. मी म्हटलं, ओढा." सगळे माझ्याकडे पाहू लागले. बाबा माझ्या शेजारी येऊन बसले आणि खिशातलं पान काढून चाचांपुढे धरलं. चाचांनी ते तोंडात टाकलं, दोन घासे आणखी मारले, कान लावला, आणि चिमट्यानं नळीची कड आत मुडपली. चिरलेलं पितळ गुंडाळलेल्या कागदासारखं सुटून बाहेर आलं. त्यांनी साच्यात बोट घातलं, चौफेर फिरवलं, आणि त्यांचा चेहरा पाहून मला कळलं की पोलाद शाबूत आहे.

मला वाटलं, आता एरंडीची बाटली खाली येईल. चाचांनी माझीच बाटली उचलली. बाबांची दुसरी पुंगळी घेतली, औषध चोळलं आणि ती माझ्या हातात दिली. दुकान गच्च भरलेलं होतं. मी बोट ठेवलं. गार होतं. आम्ही थांबलो. पुन्हा बोट ठेवलं, तेव्हा गारवा गेला होता आणि बोटाखाली ते मेंढीचं लोणी नुसतं जाणवण्यापुरतं उरलं होतं. चाचांनी पुंगळी साच्यावर ठेवली, दांड्याला हात घातला आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "ओढू, मॅडमबाई?" मी म्हटलं, ओढा. पुंगळी गात गेली. त्या वर्षी भिंतीवरची सगळी गाठोडी त्याच बाटलीवर झाली आणि एकाही गावात बार फुसका निघाला नाही.

पुढे दिवस बदलले. पितळेची काडतुसं मागे पडली, लोक कारखान्यातली तयार घेऊ लागले, कितीतरी परवाने नव्यानं झालेच नाहीत. माझी नोकरी कायम झाली आणि काही वर्षांनी मी गडचिरोलीच्या कॉलेजात गेले. दोन हजार सालानंतर कधीतरी चाचांनी दुकान बंद केलं. मी भेटायला गेले तेव्हा ते घरी खाटेवर बसलेले होते, डोळ्यांना कमी दिसत होतं. जाताना मी इतकी वर्षं मनात राहिलेलं विचारलं. चाचा, तुमच्या बोटाला कळलं होतं की ते ओलं आहे. साचा एकच होता. मग का ओढलंत?

त्यांनी अंगठा शेजारच्या बोटावर चोळला. मग म्हणाले, "मॅडमबाई, तुमी दोन साल माह्या दुकानात येत होत्या. कायबी विचारलं का, तुमी म्हनत, असं असू शकते, तसं असावं. त्या रोजी पहिल्यांदा तुमी म्हनलं, ओढा. म्या नाई म्हनलं असतं तं साचा वाचला असता. पन तुमी पुन्हा कदी म्हनल्या नसत्या."

खरंच होतं ते. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, प्राचार्यांसमोर, वर्गातसुद्धा, मी प्रत्येक वाक्य असं बोलायची की लगेच परत घेता यावं. त्या रविवारनंतर तसं बोलणं कधी सुटलं, माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. चाची दारापर्यंत सोडायला आल्या आणि मी त्यांच्याच गळ्यात पडून रडले. पुढच्या उन्हाळ्यात चाचा गेले. मी आता विभागप्रमुख आहे. बैठकीत माझं म्हणणं ठामपणे मांडते, चुकते, चुकले म्हणून सांगते आणि पुन्हा मांडते. माझ्या एका शब्दाखातर एका माणसानं आपला एकुलता एक साचा पणाला लावला होता, आणि त्याचे आभार मी तोंडानं कधीच मानले नाहीत.